रानपट्ट्यातील गाव आणि त्याची मालमत्ता

सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता आंबोलीचा घाट चढून माथ्यावर येतो, तेव्हा पावसाळ्यात प्रवाशाच्या नजरेस प्रथम पडते ते धुके, मग रान आणि त्या रानात विखुरलेली घरे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीच्या या टापूत वर्षाकाठी साधारणतः ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहराच्या पावसाच्या तो जवळजवळ दहापट आहे आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ आणि गेळे ही तीन गावे याच माथ्यावर वसली आहेत. पर्जन्यवनातील दुर्गम खेडे म्हटले की दूरदेशीची चित्रे डोळ्यांपुढे येतात. परंतु जांभूळ, अंजनी, पिसा यांसारख्या सदाहरित वृक्षांनी वेढलेली अशी खेडी सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहेत.

या गावांच्या निसर्गशोभेचे वर्णन पुष्कळदा झाले आहे. त्या मानाने तेथील माणसाच्या मालमत्तेचा विचार क्वचितच होतो. रानपट्ट्यातील कुटुंबाची मालमत्ता कोणती, ती त्याच्याकडे कशाच्या आधारे राहते आणि तो आधार ढासळला तर त्याच्या जीविताचे काय होते, हे प्रश्न ग्रामपंचायतीचे सदस्य, महसूल व वन खात्यांचे अधिकारी आणि गावातील शिक्षक या सर्वांच्या रोजच्या कामाशी निगडित आहेत. म्हणून त्यांचा थोडा पद्धतशीर अभ्यास येथे केला आहे.

पावसाने आखलेले जीवन

रानपट्ट्यातील गाव सहसा एका ठिकाणी दाटीने वसलेले नसते. ते वाड्यावाड्यांत विभागलेले असते आणि दोन वाड्यांच्या मध्ये एखादा व्हाळ, एखादी टेकडी किंवा रानाचा पट्टा असतो. पावसाळ्यात व्हाळाला पाणी आले की वाडीचा संबंध राहतो तो साकवावरून. साकव वाहून गेला तर शाळा, रेशन दुकान आणि दवाखाना तिन्ही एकाच वेळी दूर जातात. आजाऱ्याला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याची वेळ दुर्गम वाड्यांवर अजूनही येते.

घराची रचनाही पावसाने ठरविलेली असते. जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी आणि मागे परडे असा तिचा साधारण साचा आहे. चुलीवर टांगलेल्या उतवीवर पावसाळ्यात सरपण आणि खाण्याच्या वस्तू सुकत राहतात. आगोटीची बेगमी हा वर्षातील सर्वांत मोठा कार्यक्रम होय. तांदूळ, नाचणी, कुळीथ, सुकी मासळी, आमसुले, मीठ आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोरडे सरपण, एवढे घरात आले की कुटुंब निर्धास्त होते. ज्या घराची बेगमी अपुरी, त्या घरावर जुलै महिन्यात कर्ज काढण्याची पाळी येते. येथील दारिद्र्याचे मोजमाप उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा या साठ्यावरून अधिक अचूक करता येते.

शेती मुख्यतः भाताची आणि नाचणीची. मुसळधार पावसामुळे जांभ्या मातीतील पोषक द्रव्ये सतत धुऊन जातात. त्यांचा खरा साठा रानातील झाडोऱ्यात आणि पाचोळ्यात असतो. शेतकरी हे अनुभवाने जाणतो. म्हणून तो पावसापूर्वी झाडांची कवळ तोडतो, पालापाचोळा व शेण यांसह ती तरव्याच्या जागेवर पसरतो आणि भाजतो. या भाजणीवर रुजलेला तरवा पुढे खाचरात लावला जातो. गुरांचा चारा, गोठ्यातील आच्छादन, घरदुरुस्तीचे लाकूड, इरल्यासाठी बांबू आणि पाने, शिकेकाई, हिरडा, मध, रातांबे हे सारे त्याच रानातून येते. भाताचे एक खाचर पिकविण्यासाठी खाचराबाहेरच्या कितीतरी मोठ्या भूमीचा आधार लागतो, ही गोष्ट येथील मालमत्तेचा विचार करताना सतत ध्यानात ठेवली पाहिजे. खाचर शेतकऱ्याच्या नावे राहिले, पण रानाची वाट बंद झाली, तर खाचराचेही मोल उतरते.

मालमत्तेची चार वर्तुळे

अशा गावातील मालमत्ता एकात एक असलेल्या चार वर्तुळांसारखी असते. अगदी आतले वर्तुळ म्हणजे घर, खळे, गोठा आणि परड्यातील फणस, माड, केळी. यावर कुटुंबाचा अनिर्बंध ताबा असतो. दुसरे वर्तुळ भातखाचरांचे. ती बांधांनी आखलेली आणि पिढीगणिक वाटली गेलेली असतात. तिसरे वर्तुळ वरकस जमिनीचे. या उतारांवर नाचणी-वरी काही वर्षे घेऊन जमीन पडीक टाकण्याचा प्रघात होता. अलीकडे अनेक ठिकाणी तेथे काजूची लागवड झाली आहे. चौथे आणि सर्वांत मोठे वर्तुळ सामाईकाचे: गुरचरण, पाणवठे, रानवाटा, स्मशान, देवराई आणि ज्यावर गावाचा वहिवाटीचा हक्क चालत आला ते रान.

बाहेरचे वर्तुळ सर्वांचे असले तरी ते बेवारशी कधीच नव्हते. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, झऱ्याच्या उगमाजवळची झाडे तोडायची नाहीत, कोणत्या वाडीने कोणत्या बाजूचे सरपण आणायचे, पाटाचे पाणी कोणाला कोणत्या दिवशी मिळायचे, हे नियम ठरलेले असत. ग्रामदेवतेचे मानकरी आणि गावकीची बैठक ते पाळून घेत. देवाचा कौल, शपथ आणि गावाचा शब्द हीच त्यांची कागदपत्रे होती.

या व्यवस्थेचे फळ अनपेक्षित रीतीने प्रत्ययास येते. आंबोलीजवळ हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तेथील देवस्थानच्या पाण्यात विज्ञानाला अज्ञात असलेली माशाची एक जात आढळली आणि २०२० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होऊन नदीचेच नाव तिला मिळाले. २०२१ मध्ये शासनाने या स्थळाला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. तीर्थ म्हणून जपलेले हे पाणी आता कायद्याच्या भाषेतही जपणुकीस पात्र ठरले आहे.

या परंपरेला एक उणी बाजूही होती, ती नजरेआड करता येणार नाही. गावकीच्या बैठकीत सर्वांना सारखे स्थान नव्हते. मानपानाची उतरंड होती आणि स्त्रियांचा शब्द निर्णयात मोजला जात नसे. मागाहून वस्तीस आलेली किंवा सेवाचाकरीवर जगणारी कुटुंबे रानाचा उपयोग करीत, पण तो इतरांच्या संमतीने. म्हणून जुन्या व्यवस्थेतील जपणूक घ्यावी आणि तिला समान हक्कांची जोड द्यावी, हेच इष्ट आहे.

कबुलायतदार गावकर

आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांचा जमिनीचा इतिहास या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. ही गावे पूर्वी सावंतवाडी संस्थानात होती. शेजारच्या ब्रिटिश अमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात बहुसंख्य गावांवर खोत असत व शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये खोत उभा असे. या तीन गावांत मात्र सारा भरण्याची जबाबदारी गावकऱ्यांनी सामुदायिकपणे पत्करली होती. कबुलायत म्हणजे ठरलेला सारा भरण्याचे लेखी मान्यपत्र. ते देणारे ते कबुलायतदार. त्यामुळे जमिनीच्या दप्तरात एकेका व्यक्तीच्या नावाऐवजी ‘कबुलायतदार गावकर’ असे समूहाचे नाव लागले. प्रत्यक्षात कोणते कुटुंब कोणते खाचर कसते, हे गावाला ठाऊक होते. दप्तराला ते ठाऊक असण्याची त्या काळी गरज भासली नाही.

१९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यास जोडला गेला आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. रत्नागिरीतील खोती १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आणली गेली. कायद्याच्या या नव्या व्यवस्थेत जमिनीचा धारक म्हणजे नावानिशी ओळखता येणारी व्यक्ती, हे तत्त्व दृढ होत गेले. समूहाचे नाव धारण करणारी जमीन या चौकटीत बसेना. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘कबुलायतदार गावकर’ या नोंदीच्या जागी ‘महाराष्ट्र शासन’ अशी नोंद आली. काही क्षेत्रावर खाजगी वनाचाही प्रश्न उभा राहिला. जमिनीचे वैयक्तिक वाटप व्हावे ही ग्रामस्थांची मागणी त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिली.

अशा नोंदीचा परिणाम काय होतो? शेतकरी पूर्वीप्रमाणेच नांगर धरतो, पेरतो, कापतो. पण पीककर्ज घेण्यासाठी बँकेत गेला असता सातबारावर त्याचे नाव नसते. घरकुलासाठी अर्ज करताना जागेचा पुरावा मागितला जातो. शेततळे, फळबाग, विहीर या योजनांना धारकाचे नाव लागते. पिकाची नासाडी झाल्यास भरपाईच्या अर्जासोबत उतारा जोडावा लागतो. ताबा निर्वेध असूनही मालमत्ता निरुपयोगी ठरते, ती अशी.

वाटपाचा प्रश्नही वाटतो तितका सोपा नसतो. मूळ कबुलायत देणाऱ्या घराण्यांचे वंशज तेवढेच हक्कदार, की गावात पिढ्यान्‌पिढ्या राहून जमीन कसणारे सर्वच? मुंबईस नोकरीला गेलेल्या चाकरमान्याचा वाटा कोणता आणि गावात राहून गुरे राखणाऱ्या त्याच्या भावाचा कोणता? सासरी गेलेल्या मुलींचे काय? आणि सर्व जमीन घराघरांत वाटून टाकली तर गुरचरण, पाणवठा आणि देवराई कोणाच्या नावे राहणार? समूहाच्या एका नावाखाली हे सारे प्रश्न शतकभर झाकलेले होते. नोंद बदलताच ते एकदम उघडे पडले. जेथे जेथे सामाईक जमिनीचे वाटप होईल, तेथे हेच प्रश्न याच क्रमाने पुढे येतील, हे अधिकाऱ्यांनी आणि ग्रामसभेने आधीच ओळखले पाहिजे.

रान, कायदा आणि सातबारा

रानपट्ट्यातील मालमत्तेवर निरनिराळ्या काळचे अनेक कायदे एकाच वेळी लागू असतात. त्यांची ढोबळ ओळख असल्याखेरीज सातबारावरील शेऱ्यांचा अर्थ लागत नाही.

महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आला आणि त्या दिवशी खाजगी वने शासनाकडे निहित झाली. मात्र त्याच कायद्यात शेतकऱ्यासाठी दोन महत्त्वाच्या सवलती आहेत. त्या दिवशी कायदेशीरपणे लागवडीखाली असलेली आणि कमाल धारणेच्या मर्यादेतील जमीन संपादनातून वगळली आहे. तसेच संपादनामुळे ज्याची एकूण धारणा १२ हेक्टरांहून कमी झाली, अशा धारकास जमीन परत देण्याची तरतूद नंतर कलम २२-अ अन्वये करण्यात आली. जुन्या काळी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली निघालेल्या नोटिशींच्या आधारे अनेक सातबारांवर वनाचा शेरा पडला. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या गोदरेज प्रकरणातील निर्णयात म्हटले की, नुसती नोटीस निघणे पुरेसे नाही. ती धारकावर रीतसर बजावली जाऊन त्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. ज्याच्या उताऱ्यावर असा शेरा आहे, त्याने नोटीस कधी निघाली, ती बजावली गेली का आणि १९७५ साली जमिनीवर लागवड होती का, या तीन गोष्टी जुन्या कागदांवरून तपासून पाहाव्यात.

त्यानंतरचा वन (संवर्धन) अधिनियम १९८० सालचा. वनजमीन वनेतर कामासाठी वापरण्यास त्याने केंद्र शासनाची पूर्वसंमती आवश्यक केली. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थानुसार घ्यावा असे ठरले. खाजगी जमिनीवरील झाडांबाबत १९६४ चा झाडे तोडण्याविषयीचा राज्य अधिनियम आहे. अनुसूचीतील झाड तोडण्यास परवानगी लागते. झाड स्वतःचे म्हणून कुऱ्हाड घातली आणि दंड भरला, असे प्रकार केवळ अज्ञानामुळे घडतात.

हे सर्व कायदे रानाच्या रक्षणासाठी आहेत आणि त्यांची गरज वादातीत आहे. घाटमाथ्यावरील रान उघडे पडले तर पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचे पाणी आटेल, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. परंतु रक्षणाचा भार ज्याच्या दारात रान आहे त्याच्यावर पडतो आणि त्याचा हक्क कागदावर नसेल तर तोच अतिक्रमक ठरतो. हा विरोध दूर करण्याच्या हेतूने २००६ चा वनहक्क कायदा झाला.

वनहक्क कायद्याने दिलेली संधी

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने प्रथमच वहिवाटीला नोंदीचे दार उघडून दिले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून उपजीविकेसाठी कसलेल्या वनजमिनीवर, प्रत्यक्ष ताब्याइतका परंतु ४ हेक्टरांपर्यंत, वैयक्तिक हक्क मिळू शकतो. तो पतिपत्नींच्या संयुक्त नावे नोंदला जातो. तो वारसाहक्काने पुढे जातो, मात्र विकता येत नाही. अनुसूचित जमातींखेरीज इतर कुटुंबांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील बहुसंख्य दावेदारांना हीच अट लागू पडते आणि पुराव्याअभावी ते येथेच अडखळतात.

पुराव्याच्या बाबतीत नियम मात्र बरेच उदार आहेत. मतदार यादी, घरपट्टीच्या पावत्या, जुने गॅझेटियर, वन खात्याचे कार्य आयोजन आराखडे, जुन्या मोजण्या, एवढेच नव्हे तर घरांचे चौथरे, बांध, विहिरी, स्मशानभूमी, पवित्र स्थाने आणि वृद्धांचे लेखी जबाब हेही पुरावे म्हणून ग्राह्य आहेत. एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत असे नियमच सांगतात. दावा ग्रामसभेपुढे सुरू होतो. ग्रामसभेची १० ते १५ सदस्यांची वनहक्क समिती त्याची पडताळणी करते आणि तीत एक-तृतीयांशाहून कमी महिला असता कामा नयेत. तेथून तो उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्यांकडे जातो. प्रतिकूल निर्णयाविरुद्ध वरच्या समितीकडे दाद मागण्यास ६० दिवसांची मुदत आहे.

या कायद्याचे दोन भाग गावांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाहीत. एक म्हणजे सामूहिक हक्क. गौण वनोपज, चराई, पाणवठे आणि गावाने परंपरेने जपलेल्या वनाचे रक्षण व व्यवस्थापन यांवरील हक्क संपूर्ण गावाच्या नावे नोंदता येतात. चौथ्या वर्तुळाला लाभलेला हा पहिला भक्कम कागद होय. दुसरा भाग विकासकामांचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. साकवापलीकडील वाडीला रस्ता नाही, कारण मध्ये वनजमीन आहे, असे उत्तर ज्या गावात वर्षानुवर्षे ऐकू येते, त्या गावाने हा मार्ग अवलंबून पाहिला आहे काय, हे विचारले पाहिजे.

जीविताचा प्रश्न

मालमत्तेची नोंद हा केवळ धनाचा प्रश्न नाही, तर जीविताचाही आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीने ऐंशीहून अधिक बळी घेतले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा तेथे वाहन जाण्याजोगा रस्ता नसल्याने मदत करणाऱ्यांना अंधारात, भर पावसात डोंगर चढून जावे लागले. अशा प्रसंगी कोणत्या घरात किती माणसे राहत होती, ही पहिली माहिती लागते. पुनर्वसनाच्या वेळी कोणाचे घर कोणते, कोणाची जमीन कोणती आणि वारस कोण, ही दुसरी. ज्या वाडीची घरे ग्रामपंचायतीच्या दप्तरात नीट नोंदलेली असतात, तेथील वाचलेल्या माणसाला दुःखात हेलपाटे घालावे लागत नाहीत.

वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या हानीचेही तसेच. २००२ मध्ये कर्नाटकातून रानटी हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले आणि त्यानंतर माड, केळी व भात यांचे नुकसान हा त्या भागातील कायमचा प्रश्न होऊन बसला. आंबोलीच्या परिसरात गवे शेतात येतात. भरपाईची तरतूद आहे. पण तीसाठी वेळेवर पंचनामा आणि कसणाऱ्याचे नाव असलेला उतारा हवा.

आरोग्याच्या बाबतीत माकडतापाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. गोचिडीच्या दंशातून पसरणारा हा रोग २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात उद्भवला. पाचोळा गोळा करणारे, सरपण आणणारे, काजूबागेत काम करणारे आणि गुरे राखणारे लोक त्यास बळी पडले. रानात माकड मेलेले आढळले की ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविणे, अंगभर कपडे घालणे आणि रानातून परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करणे, ही साधी पथ्ये यात मोलाची ठरतात. रानातील वहिवाट ज्यांची, त्यांच्यापर्यंत हे ज्ञान प्रथम पोचले पाहिजे. त्यासाठी रानात कोण कोठे जाते, हे ठाऊक असावे लागते.

गावाने हाती घ्यावयाची कामे

या सर्व विवेचनातून कृतीचा एक क्रम सहज हाती लागतो.

पहिले काम वारसनोंदींचे. कोकणात आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावे राहिलेले सातबारे आणि त्यावरील डझनभर नावे ही नेहमीची गोष्ट आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या सुधारणेने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांबरोबरीने हक्क मिळाला आहे. त्यांची नावे गाळून केलेली नोंद पुढे वादास कारण होते. चाकरमानी गणेशोत्सवासाठी गावी येतात, तो काळ अशा नोंदींसाठी सर्वांत सोयीचा. ग्रामपंचायतीने त्या आठवड्यात ग्राम महसूल अधिकाऱ्यास, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यास, विनंती करून गावातच शिबिर घ्यावे.

दुसरे काम घरांचे. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती हा वास्तव्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे, हा भेद लोकांना समजावून द्यावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणातील घरांना मोजणीनंतर मालमत्ता पत्रक मिळते. कोकणातील अनेक वाड्या मात्र गावठाणाच्या हद्दीबाहेर आहेत. तेव्हा कोणती वाडी कोठे मोडते, याची यादी ग्रामपंचायतीने स्वतः करावी.

तिसरे काम सामाईकाच्या नोंदीचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गावाच्या भोगवट्यात नसलेल्या जमिनींच्या व्यवस्थेसाठी निस्तारपत्रक आणि वाट, पाणी, मासेमारी यांविषयीच्या रूढींच्या नोंदीसाठी वाजिब-उल-अर्ज अशी दोन साधने आहेत. त्यांचा उपयोग कोकणात फारसा होत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ठेवावयाची लोकजैवविविधता नोंदवहीही याच कामी येते. देवराईची हद्द, झऱ्यांची ठिकाणे, जुन्या रानवाटा आणि चराईचे पट्टे या वहीत आले, तर सामूहिक वनहक्काचा अर्धा पुरावा तयार झाला असे समजावे.

यात शिक्षकाला मोठे स्थान आहे. इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांकडून शिवाराचा नकाशा काढवून घेणे, आजीआजोबांना विचारून प्रत्येक पाणवठ्याचे, शेताचे आणि टेकाडाचे नाव लिहून ठेवणे, हा भूगोलाचा उत्तम पाठ आहे. वनहक्क समितीलाही पुरावे गोळा करताना या टिपणांचा आधार मिळतो. गावातील जी वृद्ध माणसे १९७५ पूर्वीची लागवड डोळ्यांनी पाहिल्याचे सांगू शकतात, त्यांची संख्या दर पावसाळ्यागणिक घटत आहे. त्यांचे जबाब नोंदविण्याचे काम पुढील वर्षावर टाकण्याजोगे नाही.

अधिकाऱ्यांनी एवढेच करावे की, रानपट्ट्यातील अर्ज तपासताना मैदानी मुलखाचा मापदंड लावू नये. येथे खाचर लहान आणि त्याला पोसणारे रान मोठे असते. ताबा जुना आणि कागद नवा असतो. महसूल, वन व भूमी अभिलेख या तीन खात्यांनी एकाच दिवशी, एकत्र येऊन स्थळपाहणी केली, तर वर्षानुवर्षे फिरणारी पुष्कळ प्रकरणे जागेवरच निकाली निघू शकतील.

कबुलायतदार गावकरांच्या पूर्वजांनी गावाच्या वतीने एकत्र येऊन साऱ्याची जबाबदारी घेतली, तेव्हा गाव हाच त्यांचा पुरावा होता. आता गावाची जागा ग्रामसभेने घेतली आहे आणि तिच्या ठरावाला कायद्याने वजन दिले आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वारसनोंदी, वाड्यांची यादी आणि सामाईक जागांची नोंद हे तीन विषय घेतले, तर आगोटीपूर्वी घरात सरपण भरून ठेवणाऱ्या या गावांनी आपल्या हक्कांचीही बेगमी केली, असे म्हणता येईल.